खुंटीवरची पिशवी

भिंगरीने सहावा ठोकळा पाचव्यावर ठेवला, मनोरा डुलला, आणि तेवढ्यात तिचं लक्ष खिडकीबाहेर गेलं.

"ताई, ती समोरची बाई चादर का झटकतेय?"

"आधी मनोरा पुरा करू या का?"

"हो," म्हणून भिंगरी उठली आणि थेट खिडकीशी गेली.

ठोकळ्यांपलीकडे बसलेल्या ताईने वहीत वेळ टिपली. या वस्तीत तिला सगळ्या जणी पिशवीताई म्हणत. आठ वर्षं ती एका संशोधन केंद्रात काम करत होती. गरोदर बायकांना सातव्या महिन्यात एक करडी पिशवी द्यायची आणि ती दोन दिवस खांद्याला अडकवून ठेवायला सांगायची, हे तिचं काम. पिशवीत एक छोटा पंप असे. गळ्याशी लावलेल्या नळीतून तो हवा ओढायचा आणि नाण्याएवढ्या पांढऱ्या कागदातून गाळून सोडायचा. बाई ज्या हवेत वावरते तिच्यातली काजळी त्या कागदावर बसायची. मग मूल जन्मायचं, वाढायचं, आणि पाच वर्षांचं झालं की पिशवीताई पुन्हा दारात हजर, या खेपेला ठोकळे, चित्रं आणि आकड्यांचे खेळ घेऊन. पोटात असताना आईने घेतलेल्या धुराचा मुलांच्या बोलण्यावर, लक्षावर, आठवणीवर काही परिणाम होतो का, हे केंद्राला शेकडो मुलं पाहून शोधायचं होतं.

"मी म्हणते ते आकडे माझ्यामागून म्हण. चार, नऊ, दोन."

"चार, नऊ..." भिंगरीने पायाचा अंगठा धरला. "तुमच्याकडे मांजर आहे?"

पुढच्या खेळात माशाचं चित्र आलं की टेबलावर थाप मारायची होती. पहिल्या पाच माशांना भिंगरीने झोकात थापा मारल्या. सहाव्यापासून मासा असो की छत्री, थाप पडतच राहिली, कारण तिला थापेचीच गंमत वाटायला लागली होती. डोळ्यांत चमक होती, जिभेवर प्रश्न होते. पण लक्ष म्हणजे ओल्या हातातला साबण. धरलं की निसटलं.

दाराच्या चौकटीत तिची आजी उभी होती. खेळ चालू असताना घरच्यांनी आत यायचं नाही असा नियम होता. आजीने तो पायांपुरता पाळला होता.

"आमच्या घरात असं कुणी नाही हो," ती म्हणाली. "माझा मुलगा चौथ्या वर्षी पाढे म्हणायचा. ही गेली मामावर. हिचा मामा एकाच वर्गात तीनदा बसला. बाकाला मुळं फुटायची वेळ आली, तेव्हा कुठे उठवला त्याला."

स्वयंपाकघरात भिंगरीची आई पिण्याचं पाणी भरत होती. तिने मान वर केली नाही.

"आजी, असं काही ठरवता येत नाही," पिशवीताई म्हणाली.

"मग काय तुमच्या हवेने झालं म्हणता? आमच्याकडे कागद आहे!" आजीने कपाटातून प्लॅस्टिकची फाइल आणली. केंद्राने पाच वर्षांपूर्वी पाठवलेला अहवाल तिने जपून ठेवला होता. 'तुमच्या भोवतालची हवा तुलनेने स्वच्छ आढळली.' खाली शिक्का. "तुमच्याच लोकांनी लिहून दिलंय. शेजारीपाजारी, शाळेत, सगळ्यांना दाखवलाय मी. हवा स्वच्छ, घर स्वच्छ. दोष असेल तर कुठून आलाय ते मी कशाला सांगू?"

कोपऱ्यात भिंगरीची आत्या स्टुलावर पाय ठेवून बसली होती. तिलाही सातवा महिना होता. ती दोन गल्ल्या सोडून राहायची आणि सुटीच्या दिवशी आईकडे यायची. "उद्यापासून माझी पाळी," ती हसून म्हणाली. "ताई मलापण पिशवी देणार. आमच्याही बाळाचा कागद येईल बघ, आई. पार्किंगच्या खिडकीत बसून काढलेला."

बाजाराच्या इमारतीखाली दोन मजले खोल पार्किंग होतं. तिथल्या काचेच्या खिडकीत बसून पावत्या फाडायचं काम आत्या चार वर्षं करत होती. त्याआधी तिथे भिंगरीची आई बसायची. भिंगरीला सांभाळून नोकरी जमेना, तेव्हा तिनेच शब्द टाकून ती जागा नणंदेला मिळवून दिली होती.

स्वयंपाकघरात भांडं भरून पाणी जमिनीवर सांडत होतं. आई नळ बंद करायचं विसरून तशीच उभी होती.

*

पिशवीताई दोन जिने उतरली तेव्हा मागून चपलांचा आवाज आला. भिंगरीची आई धापा टाकत आली आणि तिने एक पेन पुढे केलं.

"तुमचं राहिलं."

"हे माझं नाही."

"माहीत आहे." तिने वर पाहिलं, खाली पाहिलं. "ताई, ती पिशवी मी घातलीच नव्हती."

"कुठली?"

"भिंगरीच्या वेळची. दोन्ही दिवस मागच्या खोलीत खुंटीला होती. खिडकीशी. तिकडे झाडं आहेत ना."

"का?"

"शिट्टी म्हणाला, लोकांना वाटेल तू लपून काहीतरी टिपतेस." शिट्टी म्हणजे पार्किंगचा मुकादम. त्याच्या गळ्यात कायम शिट्टी असायची. "म्हणाला, पिशवी तरी घरी ठेव, नाहीतर जागा तरी सोड. मला वाटलं, दोन दिवसांनी काय बिघडतंय. घरातही हवाच असते की. मग तो कागद आला. आईंना इतका आनंद झाला... मी मूग गिळून बसले. एक दिवस गेला, मग एक वर्ष. आता तोच कागद माझ्या डोक्यावर आपटतात. हवा चांगली होती, म्हणजे खोट माझ्या माहेरात."

"अगं, पण निदान मला तरी..."

"उद्या वन्संना तो तेच सांगेल. आणि त्याही तेच करतील." ती नणंदेला जुन्या पद्धतीने वन्सं म्हणायची, नणंद धाकटी असली तरी. "त्या खिडकीत काय असतं ते मला माहीत आहे. संध्याकाळी नाक शिंकरलं की रुमाल काळा. तिथे त्यांना कुणी बसवलं? मीच."

"मग तिला सांग."

"काय सांगू? मी खोटं बोलले, त्याचा कागद पाच वर्षं फाइलीत जपला गेला, आणि तुम्हाला तिथे नेऊन बसवलं ते मीच? हे लांबच्या गाडीवर चालक आहेत, महिन्यातून चारच दिवस घरी येतात. बाकीचे सव्वीस दिवस मी आणि आई. मला त्या घरात राहायचंय, ताई." मग आवाज एकदम खाली गेला. "भिंगरीचं हे... त्यामुळे?"

हा प्रश्न आला की काय उत्तर द्यायचं, हे केंद्रात शिकवलं होतं. पिशवीताईने ते शेकडो वेळा दिलं होतं. "एका मुलाबद्दल तसं सांगता येत नाही. खूप मुलं एकत्र पाहिली की कल दिसतो. ज्यांच्या आया धुरात होत्या त्यांच्यातल्या काहींना लक्ष ठेवायला, बोलायला थोडं जड जातं. सगळ्यांना नाही. एका मुलीकडे बोट दाखवून 'हिचं त्यामुळेच' असं नाही म्हणता येत."

"म्हणजे 'त्यामुळे नाही' असंही नाही म्हणता येत."

पिशवीताईने होकारार्थी मान हलवली.

"काहीतरी करा. फक्त माझं नाव नको."

"तुझं नाव माझ्या तोंडून जाणार नाही," पिशवीताईने शब्द दिला.

*

केंद्रात परतल्यावर तिने संगणकात जुनी नोंद शोधली. त्या पिशव्यांमध्ये हालचाल टिपणारी एक चकतीही असे. बाई चालली, वाकली, जिना चढली की पडद्यावरच्या रेषेला दात फुटायचे. भिंगरीच्या आईच्या नोंदीत दोन दिवसांची रेषा पट्टीने आखल्यासारखी सरळ होती. खाली प्रश्न होता, 'पिशवी अंगावर होती का?' त्यापुढे 'होय'ची खूण होती, आणि खुणेखाली पिशवीताईचीच सही.

तिला तो दिवस आठवला. महिनाअखेर होती आणि चाळीस पिशव्या पुऱ्या करून द्यायच्या होत्या. ही चाळिसावी. रेषा सरळ का, असं तिने विचारलं होतं. भिंगरीची आई म्हणाली होती, "पाय सुजले होते, पडून होते." समोर सात महिन्यांचं पोट घेऊन बाई खरंच दमलेली दिसत होती. त्यामुळे पटलं. खरं तर पटवून घेतलं.

पलीकडच्या खोलीत मोठ्या मॅडम होत्या. सगळं संशोधन त्यांचं. पिशवीताई दारापर्यंत गेली. मॅडम फोनवर होत्या. संशोधनाच्या दुसऱ्या फेरीत कामावर कुणाला ठेवायचं, कुणाला नाही, याच्या याद्या याच आठवड्यात व्हायच्या होत्या. ती क्षणभर थांबली, मग माघारी फिरली. मॅडम फोनवर आहेत, उद्या सांगू, असं तिने स्वतःला सांगितलं. फोन दोन मिनिटांत संपला, तेव्हा ती जागेवर बसून ऐकत होती.

*

सकाळी तिने आत्याच्या खांद्याला पिशवी अडकवली, नळी गळ्याशी लावली. पंप डासासारखा गुणगुणू लागला.

"झोपताना उशाशी, आंघोळीपुरती बाजूला. बाकी काढायची नाही. खिडकीत तर अजिबात नाही."

"बाळाला गाणं म्हणतेय वाटतं ही," आत्या म्हणाली. "शिट्टी कटकट करेल."

"केली तर लगेच फोन कर."

अकरा वाजता फोन आला. "ताई, तो म्हणतोय काढ. मागे गाड्यांची रांग लागलीये. काय करू?"

पिशवीताईने हवा मोजायचं हातातलं यंत्र उचललं आणि ती निघाली.

बाजारापुढच्या रस्त्यावर यंत्राने हवेतल्या काजळीचा आकडा चाळीस दाखवला. उतारावर पाऊल ठेवलं तशी दुपारची झळ मागे राहिली आणि आकडा वाढू लागला. पहिल्या वळणावर एकशे दहा. दुसऱ्या वळणावर काचेची खिडकी होती, आणि तिथेच गाड्या इंजिन चालू ठेवून पावतीसाठी थांबत होत्या. प्रत्येक गाडीचा धूर मागच्या गाडीच्या तोंडावर, आणि दोन्हींचा मिळून खिडकीत. छताला तीन मोठे पंखे होते, हवा बाहेर फेकायला. एकाचंही पातं हलत नव्हतं. खिडकीच्या फळीवर सगळीकडे काळा थर. जिथे आत्याची कोपरं टेकत, तेवढ्याच दोन जागा स्वच्छ होत्या. यंत्राने तीनशे ओलांडले.

शिट्टी खिडकीला पाठ लावून उभा होता. पन्नाशीचा, इस्त्रीच्या शर्टातला माणूस. त्याचं स्वतःचं टेबल वर, फाटकाशी, मोकळ्या हवेत होतं. तिथून तो खालच्या माणसांवर शिट्टी वाजवायचा.

"तुम्हीच का त्या पिशवीवाल्या?" तो म्हणाला. "कॅमेरा आहे का त्यात?"

पिशवीताईने पिशवी उघडून पंप दाखवला, कागद दाखवला. "हवा ओढते. बाकी काही नाही."

"ओढून काय करणार? आमची तक्रार?"

"नाव कुणाचंच येत नाही. हे पाहा, इथे तीनशे आहे. वर चाळीस. ही बाई सात महिन्यांची गरोदर आहे आणि दिवसाचे आठ तास इथे बसते."

"मी बसवली? नोकरी तिने मागितली. पंख्यांचं मी तीनदा वर लिहून दिलंय. मालक म्हणतात, पुढच्या वर्षी." मागे भोंगे वाजत होते. कुणीतरी काचेतून ओरडलं, "अहो, पावती देता की इथेच मुक्काम करू?" शिट्टीने हात वर केला. "मला वाद नको. पिशवी नाहीतर जागा. दोनपैकी एक."

आत्याने गळ्याशी हात नेला. नळीची क्लिप सोडली. "राहू द्या ना, ताई. दोन दिवसांचाच प्रश्न आहे. घरी लावते मी. घरातही हवाच असते की."

शब्दन् शब्द तोच. पिशवीताईच्या कानशिलात ठोके पडायला लागले. धुराने, रागाने, की कालपासून गिळलेल्या गोष्टीने, हे तिला नंतरही सांगता आलं नाही.

"नाही!" ती म्हणाली. "घरी लावायची नाही. पाच वर्षांपूर्वी याच खिडकीतल्या बाईने तेच केलं. आतला कागद स्वच्छ निघाला आणि मी डोळे झाकून बरोबरची खूण केली. चूक माझी होती. पुन्हा मी ती होऊ देणार नाही."

बोलून झालं आणि मग तिला ऐकू आलं की आपण काय बोललो.

आत्याचा हात क्लिपवरच थांबला होता. "याच खिडकीत?" ती हळूच म्हणाली. "पाच वर्षांपूर्वी इथे वहिनी बसायची."

पिशवीताईने खिडकीच्या फळीवर हात ठेवला.

"आमच्या घरात फिरतो तो कागद..." आत्या उठली. तिने पावत्यांचं पुस्तक मिटलं, खिडकीची सरकती काच ओढून बंद केली आणि पिशवी खांद्याला लावून पोट सांभाळत उतार चढू लागली. सगळ्या गाड्या एकदम कोकलल्या. शिट्टी जिवाच्या आकांताने शिट्टी वाजवत राहिला. पिशवीताई तिच्यामागून धावली. "थांब, माझं ऐक, तिच्याशी नीट बोल..." आत्याने मागे वळून पाहिलं नाही.

*

तीन जिने ती न थांबता चढली. दार उघडं होतं. आजी डाळ निवडत होती, भिंगरी त्या डाळीची रांग मांडत होती, आई कपडे घड्या करत होती. आत्याने धापा टाकत सरळ विचारलं.

"वहिनी, तू पिशवी घातली होतीस का नव्हतीस?"

आईने आधी तिच्याकडे पाहिलं, मग दारात उभ्या पिशवीताईकडे. ती नजर पिशवीताईला चपराकीपेक्षा जोरात लागली.

"नव्हती घातली," आई म्हणाली.

"कसली पिशवी? काय चाललंय?" आजी म्हणाली.

आईने हातातली घडी खाली ठेवली आणि सगळं सांगितलं. शिट्टी, खुंटी, झाडांकडची खिडकी, कागद. आवाज न चढवता, न रडता, कुणाला दोष न देता. मध्ये फक्त एकदा थांबली, भिंगरीला आतल्या खोलीत पाठवायला.

"आणि मला तिथे बसवलंस?" आत्याचा आवाज फाटला. "माहीत असून?"

"तेव्हा नव्हतं माहीत. तेव्हा धूर म्हणजे फक्त धूर वाटायचा, रुमाल धुतला की गेला. भिंगरी बोलायला उशीर करू लागली, तेव्हा मनात पाल चुकचुकली. तोवर तुम्ही तिथे रुळला होतात. लग्न झालं, दिवस गेले. रोज ठरवायचे, आज सांगते. रोज तोंड उघडायचं नाही."

"माझ्या पोरीच्या जिवाशी खेळलीस!" आजी उठली तशी डाळीचं ताट कलंडलं. "आणि मी खुळी गावभर तो कागद नाचवत फिरले! लोकांसमोर माझं हसं करायचं होतं तुला?"

"आई, तुम्ही तो कागद लोकांना नाही, मला दाखवायचात," भिंगरीची आई म्हणाली. "रोज. माझ्या भावाच्या नावासकट."

पिशवीचा पंप तेवढा गुणगुणत होता.

आजी खाली बसली आणि सांडलेली डाळ गोळा करू लागली. मग मान वर न करता पिशवीताईला म्हणाली, "तुम्ही शिकलेल्या आहात. सांगा. हिच्या पोटातल्याला काही झालंय का?"

"आत्ता कुणीच सांगू शकत नाही, आजी. बहुतेक मुलं ठीकच असतात. पण उरलेले दोन महिने धूर टाळता आला तर टाळावा, एवढं नक्की."

"मग ही उद्यापासून जायची नाही."

"मी जागा सोडणार नाही," आत्या म्हणाली. "सोडली तर परत मिळायची नाही. आणि तो पंखे कधी लावायचा नाही. पिशवी घालून बसते दोन दिवस, कागद काळा होऊ दे, मग दाखवते त्याला."

"मोजण्यासाठी कुणी धुरात बसायचं नाही," पिशवीताई म्हणाली. "तेवढं तरी माझं ऐक."

"मी बसते," भिंगरीची आई म्हणाली. सगळ्या तिच्याकडे पाहू लागल्या. "खिडकी माझी होती. पावत्या मला फाडता येतात. बाळंतपण होईपर्यंत वन्संच्या बदली मी. ही पिशवी नाही, ती त्यांच्याकडेच राहू दे. मला दुसरी द्या."

आजीने डाळीवरून हात फिरवला. "आणि भिंगरी?"

"तिला तुम्ही सांभाळा, आई. रुसवा नंतर काढू आपण."

*

पिशवीताई दुपारी केंद्रात गेली. या वेळी दार वाजवून आत गेली. मोठ्या मॅडमनी सगळं ऐकून घेतलं, सरळ रेषा पाहिली, सही पाहिली.

"तू धुरातलं मूल स्वच्छ हवेच्या रांगेत उभं केलंस," त्या म्हणाल्या. "अशी दहा मुलं झाली की आपणच जगाला सांगणार, धुराने काही होत नाही. अजून किती आहेत?"

"माहीत नाही."

"आणि त्या बाईचं नाव तू फोडलंस."

"घेतलं नाही, पण फुटलं."

"त्यात फरक काय?"

फरक नव्हताच. पिशवीताईला घरोघरी जायच्या कामावरून काढलं. नोकरी राहिली, पण टेबलाशी. आठ वर्षांच्या सगळ्या नोंदी उघडून सरळ रेषा शोधायच्या. तिला अकरा सापडल्या. त्यातल्या तीन तिच्या सहीच्या होत्या, बाकीच्या इतरांच्या.

भिंगरीची आई दुसऱ्या दिवशी खिडकीत जाऊन बसली तेव्हा शिट्टीने थोडा आरडाओरडा केला. ती म्हणाली, "पावत्या फाटल्याशी मतलब ना? फाटतायत." तिच्या खांद्यावरची पिशवी त्याने पाहिली, पण पुन्हा माणूस शोधण्याच्या कटकटीपेक्षा पिशवी परवडली. दोन दिवसांनी आतला कागद निघाला तो पाटीसारखा काळा. मॅडमनी त्या कागदावरच्या काजळीचा आकडा आणि पिशवीताईच्या यंत्रावरचे आकडे बाजाराच्या व्यवस्थापनाला लिहून पाठवले, पालिकेलाही पाठवले. महिनाभर कुणी उत्तर दिलं नाही. मग एके दिवशी दोन पंखे चालू झाले. तिसरा अजून बंदच आहे. खिडकी मात्र उताराच्या वर, शिट्टीच्या टेबलाशेजारी आली, आणि आता त्याला स्वतःलाच रांगेतल्या गाड्यांचा वास येऊ लागल्यामुळे तो चालकांना इंजिन बंद करायला लावतो.

आत्याला दिवस भरून मुलगी झाली. रडते जोरात, दूध पिते, दिव्याकडे टक लावून बघते. सगळं ठीक दिसतं. ठीक आहे का, हे कळायला पाच वर्षं जातील, आणि तेव्हाही एकटीपुरतं कुणाला सांगता येणार नाही. हे आत्याला माहीत आहे. ती वहिनीशी बोलते, पण पूर्वीसारखी चेष्टा करत नाही.

केंद्राने भिंगरीची गाठ लहान मुलांना बोलायला, लक्ष टिकवायला शिकवणाऱ्या बाईंशी घालून दिली. त्यांचं दालन केंद्राच्याच तळमजल्यावर. आठवड्यातून दोनदा आजी तिला घेऊन येते. सुरुवातीला आजी दारातूनच पाढे सांगायची. बाईंनी तिला आत बोलावून नातीबरोबर चिखलाचे गोळे करायला बसवलं. चार महिन्यांत भिंगरी दहा मिनिटं एका जागी बसायला लागली. लांब वाक्यं बोलते. तीन आकडे अजूनही तिसऱ्यापाशी निसटतात. शाळेत ती पुढच्या बाकावर आहे, दारापासून लांब. मामाचा विषय आजी आता काढत नाही. काढला तरी ताबडतोब जीभ चावते.

एकदा आजीला ताप होता म्हणून भिंगरीची आई आली. पिशवीताई फायली घेऊन जिना उतरत होती. दोघी समोरासमोर आल्या. त्या दिवसानंतर पहिल्यांदाच.

"तुम्ही शब्द मोडलात," आई म्हणाली.

"हो."

"मोडला नसतात तर मी बोलले नसते, हेही खरं. पण तो तुम्ही माझ्यासाठी नाही मोडलात."

"नाही. घाबरले होते. तोंडातून गेला."

"मग मी आभार मानत नाही."

"मानू नकोस."

आईने भिंगरीच्या बुटाचा बंद बांधला. "पुढच्या वर्षी पुन्हा तपासणी आहे ना हिची? तिला बसवू आम्ही. पण घरी दुसऱ्या कुणाला पाठवा."

"दुसरंच कुणी येईल. माझं घरोघरी जाणं बंद झालंय."

"आणि नोंदीत बरोबर लिहिलंय ना? आमचं?"

"बरोबर लिहिलंय. मी स्वतः दुरुस्त केलं."

आईने मान हलवली. भिंगरीने तिचा हात ओढला. दालनाकडे जाताना प्रत्येक दारावरच्या पाटीपाशी थांबून भिंगरी हे काय, ते काय, असं विचारत होती, आणि आई थांबून प्रत्येक पाटी वाचून दाखवत होती. पिशवीताई फायली छातीशी धरून जिन्यातच उभी होती. त्यांच्यामागे दार लागल्यावर ती पुन्हा कामाला लागली.